चपला पायात असतानाच निघा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : दर १ जानेवारीला ठरवते : पहाटे फिरणं, प्राणायाम, डायरी, रात्री मोबाइल बंद. दहा-बारा दिवसांत सगळं बारगळतं. २१ दिवस नेटाने केलं की सवय लागते म्हणतात. माझे २१ कधी पुरेच होत नाहीत. घरात शाळेत जाणारा मुलगा, नोकरीवर जाणारा नवरा आणि सासूबाई आहेत.
— गृहिणी, डिचोली

उत्तर : आधी २१ हा आकडा डोक्यातून काढा. १९६० साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला चेहरा गेला, ‘किमान’ही गेलं आणि नुसता आकडा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. गोष्ट आपसूक घडू लागायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. ‘एक दिवस गेला, म्हणजे सगळं गेलं’ असं म्हणून आपणच सोडून देतो.

तुमच्या यादीत चार सवयी आहेत. तीन बाजूला ठेवा, फक्त चालणं घ्या. आणि ‘पहाटे’ असं मोघम नको, रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ते बांधा. ते काम दिवसातून एकदाच होणारं हवं आणि त्यानंतर हात मोकळे हवेत. पुष्कळजणी पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा भोंपू धरतात. पण तो येतो तेव्हा तुमचा एक हात डब्याच्या भाजीत असतो, आणि पोदेरही कधीमधी रजा घेतोच.

त्यापेक्षा मुलाची बस धरा. त्याला सोडायला रस्त्यापर्यंत जाता तेव्हा चपला पायात असतात. बस सुटली की घरात शिरू नका, उलट दिशेला वळा. पाच मिनिटं पुढे, पाच मिनिटं मागे. घरात पाऊल टाकलंत की सिंकमधली भांडी दिसतात, फोन वाजतो आणि चालणं उद्यावर जातं. दूध आधीच उतरवून ठेवा, आणि दहा मिनिटं उशीर होईल हे सासूबाईंना आदल्या रात्रीच सांगा. पहिले दोन आठवडे हुरूप आला तरी दहाची वीस मिनिटं करू नका. अंग मोडून आलेल्या दिवशीही जमेल एवढंच माप हवं.

शाळेला सुट्टी लागली की बस नाही, आणि बहुतेकांची सवय तिथेच मोडते. सुट्टीसाठी दुसरी खूण आजच ठरवा : सकाळच्या चहाचा कप विसळून ठेवला की चपला. एखाद्या दिवशी गेला नाहीत आणि काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, की दुसरी सवय हातात घ्या.

प्रश्न : रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिते. आता ‘घरचे, तब्येत, देवाची कृपा’ एवढंच उतरतं. खोटं वाटू लागलंय.
— शिक्षिका, मडगाव

उत्तर : रोजचं बंद करा, रविवारी एकदाच लिहा. एका अमेरिकी प्रयोगात सहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज तेच घोटलं की ते गुळगुळीत होतं. यादी नको, एकच प्रसंग घ्या. ‘सहकारी चांगले आहेत’ असं नव्हे, तर ‘बुधवारी दाढ ठणकत होती, शेजारच्या वर्गाच्या बाईंनी न सांगता माझा सहावा तास घेतला.’ आणि सोमवारी त्यांना तसं सांगा. कागदापेक्षा याचा उपयोग जास्त.

प्रश्न : वय ६३. रोज मिरामारच्या किनाऱ्यावर फिरतो. पावसाळ्यात चार महिने खंड पडतो आणि मग दिवाळीपर्यंत सुरूच होत नाही.
— निवृत्त कर्मचारी, पणजी

उत्तर : जागा बदला, वेळ मात्र तीच ठेवा. त्याच वेळी बूट घाला. घरातला जोड वेगळा हवा, कारण जुलैत आपल्याकडे भिजलेले बूट वाळत नाहीत, त्यांना बुरशी येते. खुर्चीतून हात न टेकता १० वेळा उठा-बसा, भिंतीवर हात टेकून १० दंड, टाचा १५ वेळा उचला. मिनिटभर थांबून पुन्हा, अशा दोन-तीन फेऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. मग चहा बाल्कनीत घ्या. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो, आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. उघडीप मिळाली की तेवढंच चाला. आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचा हिशेब तुकड्यातुकड्यांनी भरला तरी चालतो. सलग दहा मिनिटांची जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली.

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, कामाची पाळी दर आठवड्याला बदलते. सवय लावायची कशी?
— वय २७

उत्तर : घड्याळाला बांधू नका, ‘उठल्यावर’ आणि ‘ड्यूटीवरून आल्यावर’ या दोन क्षणांना बांधा. तुमच्या बाबतीत बाकी सगळं झोपेनंतर. रात्रपाळीत पहाटे ४ चा चहा हाच चोर आहे. कॅफिनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनंतरही अंगात असतो, म्हणजे ९ ला आडवे झालात तरी डोकं जागंच. शेवटचा चहा २ पर्यंत. घरी येऊन पेजेसारखं हलकं काही, आंघोळ, जाड पडदे, पंखा, आणि फोन दुसऱ्या खोलीत. दुचाकीवर येत असाल आणि डोळे मिटत असतील, तर कंपनीतच वीस मिनिटं डुलकी काढून, पूर्ण जाग आल्यावरच निघा. पाळी बदलण्याच्या दिवशी जिमची स्वप्नं नकोत. दिवसातलं एक जेवण मात्र कोणत्याही पाळीत घरच्यांसोबत.

प्रश्न : दोन महिने कशातच मन लागत नाही. भजनाला जायचो, तेही सोडलं. पहाटे तीनला झोप मोडते. बहीण म्हणते, चांगल्या सवयी लाव. पण ती यादी बघूनच थकायला होतं.
— दुकानदार, फोंडा

उत्तर : बहीण तळमळीने सांगते, पण क्रम वेगळा हवा. अशी अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आधी डॉक्टर. ते थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासतील.

याबाबतचं एक मोठं काम आपल्याच गोव्यात झालं आहे. संगाथ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक नेमले. नैराश्याच्या रुग्णांशी त्यांच्या सहा ते आठ भेटी होत. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी, भेटी झालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांत ३९ टक्के. त्या भेटींचा गाभा हाच, की मन लागण्याची वाट न पाहता छोटी कृती आधी करायची.

म्हणून पूर्ण भजन नको. एका अभंगापुरते जा, दाराजवळ बसा, तो संपला की उठा. जाण्याआधी आणि आल्यावर मनाला ० ते १० मध्ये गुण देऊन कागदावर मांडा. फरक एकाचाच असला तरी दिसू द्या. तेवढंही जमलं नाही, तर देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन परत या. झोपेसाठी दारू नको. ती लवकर झोपवते खरी, पण उत्तररात्री झोप मोडते, आणि तुमची तक्रार तीच आहे.

जवळचं आरोग्य केंद्र किंवा बांबोळीची मनोविकार संस्था गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. जगणं नको असं मनात येत असेल तर आजच फोन करा, आणि बहिणीलाही सांगा. डॉक्टरांकडे गेल्यावर डोकेदुखी-अंगदुखी पुढे करून गोळ्या घेऊन परत येऊ नका. पहिलंच वाक्य हे बोला : “दोन महिने कशातच मन लागत नाही आणि पहाटे तीनला झोप मोडते.”