साकामोतोला जाशील तेव्हा

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

क्योतोला शिकायला जायचं तुझं पक्कं झालं हे वाचून फार आनंद झाला. समोरचं देवस्थान शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवधर्माचं, की बौद्ध हे झटकन कसं ओळखायचं, असं तू विचारलंस. तोरीची कमान दिसली तर शिंतो, बुद्धमूर्ती आणि उदबत्तीचा धूर असेल तर बौद्ध, हे मीच वर्गात सांगितलं होतं. ते चूक नाही. पण इतकी काटेकोर वाटणी जेमतेम दीडशे वर्षांची आहे, हे सांगायचं राहून गेलं. ते आज सांगते.

पहिल्या सुट्टीत सोनेरी मंडपाच्या गर्दीत शिरू नकोस. हिएइ डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, बिवा सरोवराच्या बाजूला साकामोतो नावाचं गाव आहे, तिथे जा. स्टेशनपासून चढ चालताना दोन्ही हातांना दगडी गडगे लागतील. आनोच्या पाथरवटांनी चुन्याचा कणही न वापरता नुसते दगडावर दगड बसवून ते रचले आहेत. चढ संपतो तिथे हियोशी ताइशा. हिए, हियोशी, सान्नो अशा नावांची सुमारे ३,८०० देवळं जपानभर आहेत, त्या सगळ्यांचं हे मूळ ठाणं.

इथला देव ओयामाकुइ, डोंगराचा धनी. ७१२ सालच्या ‘कोजिकी’त, जपानच्या जुन्या पुराणकथांच्या ग्रंथात, तो याच डोंगरावर राहत असल्याचं लिहिलं आहे. पुढे ७८८ मध्ये साइचो नावाच्या तरुण भिक्षूने डोंगरावर मठ बांधला. त्याचंच पुढे एनर्याकुजी झालं. साइचो ८०४ साली चीनला गेला, तिएनताइ पर्वतावर शिकला आणि परत येऊन त्याने तेंदाइ पंथ उभा केला. तिएनताइच्या मठाला ‘पर्वतराज’ नावाचा राखणदार देव होता. त्यावरूनच हिएइच्या देवाला सान्नो, म्हणजे पर्वतराज, हे नाव पडलं. आपण ज्याला क्षेत्रपाल म्हणतो, तसा तो मठाचा क्षेत्रपाल झाला.

आता वही काढ आणि ‘सान्नो’ची दोन अक्षरं लिही, 山 आणि 王. पहिल्यात तीन उभ्या रेघा एका आडवीने जोडलेल्या, दुसऱ्यात तीन आडव्या एका उभीने. तेंदाइच्या आचार्यांनी यातूनच आपली शिकवण समजावली: तीन म्हणजेच एक, एक म्हणजेच तीन. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी दिवसभर तीच दोन अक्षरं गिरवत बसले होते.

मग देवांची आणि बुद्धांची सांगड घातली गेली. मूळ रूप बुद्ध किंवा बोधिसत्त्व, आणि लोकांसाठी इथल्या मातीत प्रकटलेलं रूप म्हणजे देव. अशा रूपाला ‘गोंगेन’ म्हणत. सान्नोच्या सात मुख्य देवळांपैकी एकाचं मूळ रूप शाक्यमुनी, दुसऱ्याचं भैषज्यगुरू, आणखी एकाचं अमिताभ. माझं सगळ्यात आवडतं देऊळ मारोदोचं. मारोदो म्हणजे पाहुणी. ही हाकुसान नावाच्या दूरच्या बर्फाळ डोंगराची देवी, हिएइच्या देवाकडे वस्तीला आलेली. तिचं मूळ रूप अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. तू बोरिवलीत वाढलीस ना? कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. भारतात अशी मूर्ती फार दुर्मिळ. निघण्यापूर्वी ती बघून जा.

पण एक सांगते, आणि जरा कळकळीने सांगते. हे नातं कळलं की आपल्या माणसांना ‘हे सगळं मुळात आपलंच’ म्हणायची घाई होते. तू ती करू नकोस. हाचिओजी टेकडीवर अर्धा तास चढून गेलीस की दोन छोट्या देवळांच्या मधोमध एक प्रचंड खडक दिसेल. मठ नव्हता तेव्हाही डोंगराचा देव तिथेच होता. भिक्षू त्याच्या घरी आले, त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. या खडकापाशी थोडा वेळ बस, मग खाली ये.

खाली आल्यावर मुख्य देवळांच्या जोत्याकडे बघ. वरच्या गाभाऱ्याखाली, जमिनीलगत, एक खोली आहे. तिला गेदेन म्हणतात. वर देव आणि त्याच्या पायाखालच्या खोलीत बुद्धमूर्ती, तिथेच बौद्ध पूजापाठ. ओदा नोबुनागा या सरदाराने १५७१ साली मठ आणि देवळं दोन्ही जाळली, तरी पुन्हा बांधताना ही रचना तशीच ठेवली. पश्चिमेचं मुख्य देऊळ १५८६ चं, पूर्वेचं १५९५ चं.

ती मोडली १८६८ मध्ये. नव्या मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. काही दिवस उलटतात तोच शस्त्रं घेतलेले शिंतो पुजारी इथे घुसले. त्यांनी मूर्ती आणि पोथ्या बाहेर ओढून फोडल्या, जाळल्या. देशभर पुढे जे झालं त्याची सुरुवात या आवारात झाली. याला नुसतं धर्मवेड म्हणून मोकळी होऊ नकोस. शतकानुशतकं मठाने इथल्या पुजाऱ्यांना हाताखाली ठेवलं होतं, देवळाच्या किल्ल्यासुद्धा मठाकडे होत्या. भिक्षू रागावले की याच देवाच्या पालख्या घेऊन राजधानीवर चालून जात. एकत्र नांदणं म्हणजे बरोबरीचं नांदणं नव्हतं, हे तुझ्या प्रबंधात यायला हवं. तरी जळालेल्या पोथ्यांचं मला अजूनही वाईट वाटतं.

आता तारखा टिपून ठेव. १२ एप्रिलच्या रात्री टेकडीवरून दोन पालख्या मशालींच्या उजेडात खाली धावत येतात, देवाच्या लग्नासाठी. १४ एप्रिलला एनर्याकुजीहून तेंदाइचे मुख्य आचार्य, झासु, पश्चिमेच्या देवळात येतात आणि शिंतो देवापुढे प्रज्ञापारमिताहृदयसूत्र हे छोटं बौद्ध सूत्र म्हणतात. २६ मे रोजीही भिक्षू डोंगर उतरून देवापुढे पाठ करायला येतात. प्रत्येक कमानीत वाकून नमस्कार कर. एका कमानीच्या माथ्यावर त्रिकोण दिसेल. ते जोडलेले हात आहेत असं म्हणतात.

१४ तारखेला जमलंच तर बाजूला उभी राहा, फोन पिशवीत ठेव. सूत्र चिनी उच्चारांच्या जपानी वळणाने चालेल, तुला फारसं कळणार नाही. शेवटाकडे मात्र कान दे: ‘ग्यातेइ ग्यातेइ हाराग्यातेइ’. म्हणजे गते गते पारगते. देवळाच्या छपराखाली ते कसं घुमतं, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
सेन्सेई