पहिली ते चौथीच्या वर्गात टॅब वापरल्याने खरोखर फरक पडतो का?

टॅबमुळे फरक पडतो का, आणि पडत असेल तर कोणते अ‍ॅप घ्यावे, असे आपण विचारले आहे. फरक पडतो, पण टॅब मुलांच्या हातात असेल तर. कपाटातल्या टॅबने फक्त डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीची, एक ओळ भरते, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा तालुक्यातील ज्या द्विशिक्षकी शाळेत मी होतो, तेथे गावच्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून टॅब दिले. हार-नारळ झाले, फोटो निघाले, भिंतीवर 'डिजिटल शाळा' अशी अक्षरे रंगवली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी सगळे टॅब खोक्यांसह लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. त्यांचे म्हणणे असे की वस्तू रजिस्टरला चढली म्हणजे फुटल्यावर वसुली सही करणाऱ्याकडून होणार, आणि बदलीच्या वेळी चार्ज देताना काच तडकलेली निघाली तर उत्तर कोणी द्यायचे? माझे म्हणणे असे की मुलांसाठी आलेली वस्तू मुलांच्या हातून कधीतरी फुटणारच. पाट्या फुटत नव्हत्या काय? आसपासच्या शाळा तपासणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या भेटीदिवशी मात्र टॅब बाहेर येत, आणि "नुसते धरा, दाबू नका" अशी मुलांना ताकीद असे. अखेर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आईने सरळ विचारले, "आमच्या पैशाचं कपाटात लोणचं घालतासा व्हय?" तेव्हा किल्ली सुटली.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. मूल शाळेत आल्यावरही साधन कुलपात ठेवणाऱ्याला किती असावा, याचा हिशेब आपणच करावा.

टॅबचा खरा उपयोग चार इयत्ता दोन शिक्षकांनी सांभाळताना कळतो. मी पहिलीला अक्षरे गिरवायला बसवीत असे, तोवर तिसरी-चौथीची मुले गूगलच्या रीड अलाँगवर मोठ्याने गोष्टी वाचत; चुकलेला शब्द ते अ‍ॅप पुन्हा म्हणून दाखवते आणि नीट वाचल्यास तारे देते. पण माइकला शेजारच्याचाही आवाज पोहोचतो, हे मुलांनी माझ्याआधी ओळखले. वाचनात कच्चा असलेला एक बहाद्दर नेहमी हुशार मित्राला खेटून बसे आणि त्याच्या आवाजावर तारे मिळवी. मग एकाला व्हरांड्यात, एकाला पोषण आहाराच्या खोलीमागे, असे पांगवून बसवावे लागले. आषाढात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तेही बंद, कारण त्या आवाजात माइकला काहीच ऐकू जात नसे.

बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचे धडे दाखवता येतात, पण वाडीवर रेंज नसते, म्हणून व्हिडिओ रात्री कोल्हापुरातून उतरवून न्यावेत. बोटाने अक्षरे गिरवण्याची अ‍ॅप पहिलीला अजिबात देऊ नयेत. पेन्सिल धरण्याची पकड काचेवर येत नाही. आणि एका पडद्यासमोर सगळा वर्ग बसवून व्हिडिओ लावून देणे याला मी अध्यापन मानत नाही. अर्थात माझा अनुभव लहान पटाच्या शाळेचा आहे. शहरात एका वर्गात पन्नास मुले असतील तर गट पाडणे अवघड जाईल. डोळ्यांचा प्रश्नही आहेच, त्यामुळे एका मुलाच्या हातात एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ टॅब ठेवू नये.

अ‍ॅप निवडण्याआधी मात्र समितीच्या ठरावात स्पष्ट लिहून घ्या की टॅब मुलांनी रोज हाताळायचे आहेत आणि वापरात काच फुटल्यास दुरुस्तीचा खर्च लोकवर्गणीतून होईल, शिक्षकाकडून नव्हे. आमच्याकडे किल्ली सुटल्यानंतर एकच टॅब फुटला, तोही कोल्हापुरात राजारामपुरीत काच बदलून पुन्हा चालू झाला, आणि तो मुख्याध्यापकांच्याच हातून पडला होता.