वाचक विचारतात: नव्या घराचा डीबी

प्रश्न: नव्या घराचे वायरिंग सुरू आहे. इलेक्ट्रिशियनने १२ वेचा डीबी (घरभर वीज वाटणारा बोर्ड; वे म्हणजे त्यातली एक जागा) सुचवला आहे. त्यात एक डबल पोल मेन (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच), ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा एक आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की पडणारा, म्हणजे वीज तोडणारा स्विच; ३० हा गळतीचा आकडा) आणि उरलेल्या जागेत एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारे स्विच) असतील. दहा सर्किट आहेत. एवढे पुरेल का?

उत्तर: जागाच पुरणार नाही. मेनचे दोन वे आणि आरसीसीबीचे दोन गेले की आठ उरतात, आणि तुम्हाला दहा हवेत. पण खरी अडचण एकाच आरसीसीबीची आहे. गीझरची कॉइल ओलावली तरी सगळे घर अंधारात जाईल. फ्रीजही बंद पडेल, आणि दोष नेमका कुठे आहे ते अंधारातच शोधावे लागेल.

शिवाय कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, एलईडी ड्रायव्हर या सगळ्यांच्या फिल्टरमधून चांगल्या अवस्थेतही अर्थकडे (जमिनीकडे) थोडी गळती चालूच असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५च्या पुढे कधीही पडू शकतो, ती त्याची चूक नव्हे. म्हणून एका आरसीसीबीवरची नेहमीची गळती ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी. घरभराची उपकरणे एकावरच घेतली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

निदान तीन गट करा: दिवे-पंखे, ओल्या जागा (बाथरूम, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन) आणि बाकीचे प्लग व एसी. हिशेब असा: मेन २, आरसीसीबी ६, एमसीबी १०, एसपीडी (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारे उपकरण) २, म्हणजे २०. पुढच्या वाढीसाठी चार मोकळे ठेवले की २४. बजेट असेल तर फ्रीजला स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र) द्या.

प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल लिंक (न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) वेगळी हवी, आणि हे वायरिंग चालू असतानाच तपासा. जिन्यातल्या टू-वे दिव्याला फेज एका गटातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून घेतला, तर दिवा लावताच आरसीसीबी पडू लागतो. प्लास्टर झाल्यावर हे शोधणे म्हणजे डोकेदुखी.

खरेदी करताना आरसीसीबीवरचे चिन्हही पाहा. इन्व्हर्टर एसी, इंडक्शन, नवी वॉशिंग मशीन यांच्यातल्या दोषाचा करंट शुद्ध एसी (दिशा बदलत वाहणारा करंट, एअर कंडिशनर नव्हे) नसतो. एसी टाइप तो ओळखेलच असे नाही, म्हणून ए टाइप घ्या. पुढे इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर लागणार असेल, तर त्याला स्वतंत्र बी टाइप घ्या. चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी (एकाच दिशेने वाहणारी) गळती ओळखणारी सोय असेल, तर ए टाइप चालतो.

प्रश्न: प्लगचा १६ अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो. ३२चा बसवला तर?

उत्तर: मुळीच नको. एमसीबी वायर वाचवतो. त्याची निवड वायरवरून होते, उपकरणावरून नाही. भिंतीतल्या पाइपमधून जाणाऱ्या तांब्याच्या वायरला साधारणपणे १.५ चौरस मिलिमीटरसाठी १०, २.५साठी १६ आणि ४साठी २० ते २५ अँपिअर ठेवावा. एकाच पाइपात बऱ्याच वायरी असतील तर आणखी खाली या. १६चा एमसीबीसुद्धा १८ अँपिअर तासभर निमूट वाहून नेतो आणि २३ अँपिअरला तासाभराच्या आत पडतो. तिथे ३२चा बसवला, तर २.५ची वायर आतल्या आत तापत राहील आणि कुणाला कळणारही नाही. लोड दोन सर्किटांत वाटा.

उपकरण चालू करताच पडत असेल, तर मात्र एमसीबीचा कर्व्ह (किती पट करंटला तो तत्काळ पडतो ते सांगणारे बी किंवा सी अक्षर) पाहा. बी कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडतो, सी कर्व्ह ५ ते १० पटीला. गीझर, इस्त्री यांना बी पुरतो. पंप आणि एसीला सी लागतो.

प्रश्न: आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबले की तो पडतो. म्हणजे अर्थिंग चांगले आहे ना?

उत्तर: त्यावरून अर्थिंग कळत नाही. बटण आतल्या रोधातून स्वतःच असमतोल निर्माण करते, अर्थची वायर तुटलेली असली तरी तो पडेल. अर्थिंग मीटरनेच मोजून घ्या. समजा रोध ५ ओहम आला. २३० व्होल्टला दोषाचा करंट जेमतेम ४६ अँपिअर होतो. सी१६ एमसीबीला तत्काळ पडण्याची खात्री १६० अँपिअरला असते. तोवर यंत्राचा पत्रा जिवंत (शॉक देणारा) राहील. ही उणीव आरसीसीबी भरून काढतो. तरीही एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर त्याला काही कळत नाही. ओव्हरलोडही त्याला कळत नाही, म्हणून ४०च्या आरसीसीबीच्या आधी ६३चा मेन ठेवू नका.

प्रश्न: एसपीडी कुठे बसवायचा?

उत्तर: मेननंतर, आरसीसीबीच्या आधी. घरासाठी टाइप २, छतावर (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) वीजरोधक असेल तर टाइप १ आणि २ एकत्र असलेला. फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थबारपर्यंत (अर्थच्या वायरी जोडायची पट्टी) वायरची एकूण लांबी ५० सेंटिमीटरच्या आत ठेवा. लांब वायरीवरच इतका व्होल्टेज चढतो की एसपीडी असून नसल्यासारखा. एसपीडीवरची छोटी खिडकी हिरव्याची लाल झाली की कार्ट्रिज (त्याचा बदलता येणारा भाग) बदला. दिवे चालू राहतात, त्यामुळे ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.