फॉक्सकॉन गेली, पोरगा तर घरातच आहे

(मावळ तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी मुलाला इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला घातलं, कारण वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावला येणार होता. महिनाभरात तो गुजरातला गेला. मुलाचं मधलं एक वर्ष डाऊन गेलं, आता तिसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय अडकलेत. प्रश्न असा : ‘या डिप्लोमाला आता काय अर्थ? लाइन बदलावी का?’)

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानी आहे. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण टाचलंय, त्यात ‘एक लाख रोजगार’ या शब्दांखाली लाल पेनाने दोनदा रेघ. चार पानांत फॉक्सकॉनचं नाव अकरा वेळा आलंय, मी मोजलं. मुलाचं नाव एकदाच, तेही तिसऱ्या पानावर, तक्रारीच्या सुरात.

एटीकेटीची मला काळजी नाही, विषय सुटतात. काळजी वाटली ती दुसऱ्या पानाची. ते अख्खं पान मेव्हण्याशी झालेल्या भांडणाचं आहे. तुम्ही म्हणता, ‘यांनी आलेली कंपनी घालवली.’ तो म्हणतो, ‘तुमच्या लोकांनी आणली तरी कुठे होती?’ गणपतीत, भरल्या पानावर आवाज चढले आणि त्या दिवसापासून मुलाने मामाच्या पॉलीहाऊसवर जायचं नाही, असं तुम्ही फर्मान काढलंत. तो चोरून जातो. पक्ष तुमचे, भांडण तुमचं आणि चोर ठरला पोरगा.

आता विषय काढलाच आहे तर बोलतो. तुम्हा दोघांनाही ही गोष्ट अर्धीच आठवते. ऑगस्ट 2015 मध्ये याच फॉक्सकॉनने महाराष्ट्र सरकारशी 5 अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला होता. पाच वर्षांत 50 हजार नोकऱ्या मिळतील असं तेव्हा सांगितलं गेलं. जानेवारी 2020 मध्ये उद्योगमंत्री सुभाष देसाईंनी सांगून टाकलं की तो प्रकल्प काही होत नाही. मग वेदांताला जोडीला घेऊन तीच कंपनी पुन्हा तळेगावच्या बातम्यांत आली. गुंतवणूक 1 लाख 54 हजार कोटींची. 13 सप्टेंबर 2022 ला करार झाला तो गुजरातशी, आणि जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने वेदांताची साथच सोडली. ज्या कारखान्यावरून तुम्ही सख्ख्या मेव्हण्याशी बोलत नाही, तो गुजरातच्या धोलेऱ्यातही उभा राहिला नाही. एका पक्षाच्या काळात एक करार बुडाला, दुसऱ्याच्या काळात दुसरा.

सरकारने कंपन्यांच्या दारात जावं का? जावं. चाकण-तळेगाव पट्टा काही आपोआप उगवलेला नाही. पण राज्याराज्यांत बोली लागते, कोणी जमीन स्वस्त देतं, कोणी वीज, कोणी भांडवलावर अनुदान. त्या बोलीत ‘एक लाख’ म्हणजे कायम किती, कंत्राटी किती, नुसत्या बांधकामापुरते किती, हे कोणी विचारत नाही. कंपनी आणल्याचं श्रेय घेणारा विचारत नाही आणि घालवल्याचा मोर्चा काढणाराही नाही. त्या मोघम आकड्यावर तुम्ही पोराची शाखा ठरवलीत. तुमच्यावर मला राग आहे तो एवढ्यासाठीच.

पत्रातलं एक वाक्य मात्र सोडता येत नाही. ‘सातबारा मावळचा आहे, कुठलीही कंपनी आली तरी स्थानिकांच्या 80 टक्क्यांत पोरगा बसतोच.’ ही समजूत या पट्ट्यातल्या घराघरांत आहे, आणि तिच्या भरवशावर मुलं पुस्तक मिटून बसतात. 80 टक्क्यांची अट आहे, 2008 चा शासन निर्णय आहे. पर्यवेक्षकीय पदांत 50 टक्के, बाकी पदांत 80 टक्के स्थानिक. पण ‘स्थानिक’ म्हणजे 15 वर्षं महाराष्ट्रात राहिलेला माणूस. त्या व्याख्येत तुमचं गाव येत नाही, तालुका येत नाही, सातबारा तर नाहीच. नांदेडचा किंवा गडचिरोलीचा मुलगा तुमच्या मुलाइतकाच स्थानिक. शिवाय हा शासन निर्णय आहे, कायदा नव्हे. हरयाणाने 75 टक्क्यांचा कायदाच करून पाहिला, तो 2023 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. आणि गावातल्या माणसाला कंपनीकडून जे मिळतं ते बहुतेक वेळा ठेका असतो : लेबरचा, बसचा, कँटीनचा, स्क्रॅपचा. तो कोणाला मिळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. डिप्लोमावाल्या पोराला तर नाहीच.

सकाळी पावणेसातला एकदा या भागातल्या एका कंपनीच्या गेटवर उभे राहा. गळ्यातल्या कार्डाची नाडी बघा. कायम कामगारांची एका रंगाची, ठेकेदाराच्या पोरांची दुसऱ्या. मी उभा होतो तेव्हा मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दुसऱ्या रंगाची रांग संपेचना.

बरं, आलेली कंपनी तरी कायमची असते का? तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, डिसेंबर 2020 मध्ये बंद पडला. तो घ्यायला एक चिनी कंपनी आली होती, पण मंजुरी अडकली आणि व्यवहार फिसकटला. 2023 मध्ये ह्युंदाईने करार केला. 2008 ला बाविसाव्या वर्षी लागलेला मुलगा बंद पडताना 34 चा झाला होता, घराचे हप्ते चालू, मुलं शाळेत. त्या वयात त्याला तारलं असेल ते हातातल्या कामाने.

आता तुमच्या मुलाकडे येतो. चौथ्या पानाच्या तळाशी, अगदी जाता जाता, तुम्ही लिहिलंय : ‘परवा मामाच्या शेडमधल्या, पाण्याचं धुकं सोडणाऱ्या फॉगरचा टायमर बिघडला, यानेच खोलून बसवला, मेकॅनिकचे पंधराशे वाचले म्हणून मामा खूश. असली कामं करायला शिकवलं का याला?’

अहो, हेच शिकवलं! तीन वर्षं फी भरून शिकवलं. जो मुलगा वर्गात इलेक्ट्रॉनिक्सला गचकतो, तो पॉलीहाऊसमध्ये कंट्रोल पॅनेल उघडतो आणि चालू करून दाखवतो. मला तुमच्या पत्रात एवढीच चांगली बातमी सापडली. गुलाबाच्या त्या शेडमध्ये काय काय आहे, एकदा रुसवा सोडून बघून या. ठिबकचे व्हॉल्व्ह, आर्द्रतेचे सेन्सर, फॉगर, फुलं ठेवायची 2 ते 4 अंशांची शीतखोली. चौदा फेब्रुवारीच्या तोंडावर त्या खोलीचा कॉम्प्रेसर रात्री बंद पडला तर मालकाचं वर्षाचं गणित कोसळतं. अशा वेळी धावून येणारा माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही. एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क तुमच्याच तळेगावला, काढणीपश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही तिथेच. तिच्यावरून कोणी मोर्चा काढत नाही, म्हणून ती कोणाला माहीतही नाही.

मामाच्या शेडमध्ये जन्म काढावा, असं मी म्हणत नाही. गुलाबाचा भाव पडला की मालकच पगाराला तरसतो. आणि लाइन बदलण्याचं तर नावच काढू नका. राहिलेले दोन विषय सोडवू देत. डिप्लोमा हातात आला की अप्रेंटिसशिप किंवा थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग, दोन्ही वाटा उघड्या आहेत. त्याला इन्स्ट्रुमेंटेशन आणि रेफ्रिजरेशनची कामं आवडतात का, हे मला हवंय, आणि ते तुमच्या पत्रातून कळत नाही.

म्हणून पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तुम्ही वाचायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. त्या टायमरमध्ये नेमकं काय बिघडलं होतं आणि त्याने ते कसं शोधलं, एवढंच लिही म्हणावं. वायरिंगची आकृती हाताने काढलेली चालेल. आणि ती काढायला त्याला पॅनेलसमोर उभं राहावं लागेल, तेव्हा मामाकडे जायची बंदी आजच उठवा.