देवाचा गूळ आणि पेठेचा गूळ

प्रश्न : करवीर तालुक्यातले आमचे गुऱ्हाळ आजोबांपासून चालत आले आहे. सौद्यात रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, पिवळा रंग पाहूनच बोली लागते आणि तांबूस गुळाकडे व्यापारी फिरकतही नाहीत, म्हणून गेली काही वर्षे मीही उकळत्या रसात रंग उजळवणारी हायड्रोस पावडर टाकतो. हंगामाचे पहिले आदण, म्हणजे एका वेळी उकळलेल्या रसाचा गूळ, मात्र बिनपावडरीचे काढतो; त्यातला एक रवा ग्रामदैवताला, एक अंबाबाईला देतो आणि बाकीचे घरी ठेवतो. देवळाच्या जीर्णोद्धारालाही मी सढळ हाताने देणगी दिली आहे. यंदा मुलीने विचारले, "आपण खातो तोच गूळ आपण विकत का नाही?" मला उत्तर देता आले नाही. माझी श्रद्धा दिखाऊ आहे का?
– एक गुऱ्हाळमालक

उत्तर : तुमची श्रद्धा दिखाऊ आहे असे मला वाटत नाही. दिखाऊ श्रद्धेच्या माणसाने देवालाही पिवळाधमक रवाच वाहिला असता. पण तेच पहिले आदण तुमच्याविरुद्ध साक्षही देते, कारण तोंडात घालण्यालायक गूळ कोणता, हे तुम्हाला नेमके ठाऊक आहे. शिवाय पुण्या-मुंबईची एखादी गृहिणी तुमचाच पिवळा रवा फोडून पुरण शिजवते आणि त्या पोळीचा नैवेद्य देवापुढे ठेवते. म्हणजे देवापासून जी पावडर तुम्ही दूर ठेवली, ती दुसऱ्याच्या हातून त्याच्याच ताटात जाते. देणगीच्या पाटीवर तुमचे नाव असेल, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही, मात्र या हिशेबात ती देणगी जमेस धरता येणार नाही.

माझ्या आजोळी गुऱ्हाळ होते. तिथला गुळव्या काहिलीतला थेंबभर पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायचा आणि ती काठावर आपटून आवाज ऐकायचा. गोळी टणक वाजली की काहील उतरवायची. रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस होता, मळी वर आली की झाऱ्याने काढून टाकायची, आणि थंड व्हायला वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतल्यावर गूळ सोनेरी निघेल की तांबूस, हे उसाच्या जातीवर, जमिनीवर आणि चुलवाणाच्या जाळावर ठरायचे. हायड्रोस यातले काहीही सुधारत नाही. ते सोडियम हायड्रोसल्फाइट असते, रंग उडवते, त्यातून गंधकाचा अंश गुळात उरतो आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होऊ शकतो. उडवलेला रंग साठवणीत टिकत नाही, हे तुम्ही स्वतःच पावसाळ्यात पाहिले असेल.

कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते आपल्या मातीचे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाचे नाव आहे, आणि काहिलीत चिमूटभर पावडर पडली की त्या नावाखाली दुसराच माल विकला जातो, हे मला मनापासून खुपते.

तुमची अडचण मात्र खरी आहे. दिवाळी पाडव्याला सौदे सुरू झाले की रंगावर भाव ठरतो, आणि एकट्या गुऱ्हाळमालकाने एका हंगामात सगळे बदलायचे म्हटले तर कर्जाचे हप्ते थांबतात. म्हणून सगळे आदण एकदम बदलू नका. यंदा दिवसातले एक आदण बिनपावडरीचे काढा, ते सौद्यात न नेता एक किलोच्या ढेपा करून थेट विका, वेष्टनावर काढल्याची तारीख आणि "रंगासाठी पावडर वापरलेली नाही" असे ठळक लिहा, आणि रंग तांबूस का आहे हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा. वर्षभराच्या गुळाला दोन पैसे जास्त मोजणारी घरे कोल्हापुरातही आहेत. जेवढी मागणी वाढेल तेवढी दुसरी आदणे त्यात आणा. उरलेल्या पिवळ्या गुळाबद्दल कोणी विचारलेच, तर पावडर आहे हे लपवू नका.

आणि मुलीला या वेष्टनांवर तारीख लिहायला बसवा. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला तिथेच मिळू लागेल.