आय सेव्हन + ३०५० की आय फाइव्ह + ४०५०? कमी बजेटमध्ये गेमिंगसाठी कुठला लॅपटॉप घेऊ?

सरळ उत्तर आधी देतो, म्हणजे ज्यांना पुढचं पुराण वाचायचा कंटाळा येईल त्यांचं काम इथेच होईल. तुम्ही दोन ऑप्शन दिलेत, एक आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड (४ जीबी), दुसरा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि आरटीएक्स ४०५० (६ जीबी), किंमत दोघांची जवळपास सारखी, वापर म्हणजे कॉलेजचं कोडिंग, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग आणि बाकी सगळा वेळ गेमिंग. शिवाय सेकंडहँड घेऊ का आणि नवीन मॉडेलसाठी थांबू का, हेही विचारलंत. दुसरा घ्या. रॅम नंतर वाढवा. फक्त पैसे भरायच्या आधी त्या ४०५० ला किती वॅट मिळतात ते शोधून काढा, कारण सगळी मेख तिथेच असते.

आता कारणं. लॅपटॉपमध्ये नंतर काय बदलता येतं आणि काय नाही, हा विचार आधी करा. रॅम बदलता येते (सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डालाच पक्की जोडलेली नसेल तर), एसएसडी बदलता येते, बॅटरीसुद्धा बदलून मिळते. ग्राफिक्स कार्ड मात्र बोर्डावरच चिकटवलेलं असतं, जे आज घ्याल तेच शेवटपर्यंत. प्रोसेसरचंही तसंच, पण या बजेटमधला कुठलाही बरा प्रोसेसर त्या ग्राफिक्स कार्डाला पुरून उरतो, म्हणून बजेट कमी असलं की आधी सगळा जोर जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर), मग स्क्रीन आणि कूलिंग, आणि उरलंसुरलं बाकीच्यावर. दुकानदार नेमका उलटा क्रम सांगतात, कारण आय सेव्हनचा स्टिकर विकायला सोपा.

३०५० च्या ४ जीबीचा प्रॉब्लेम असा आहे की गेम चालू असताना टेक्श्चर वगैरे सगळा माल व्हीरॅममध्ये (ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत) बसावा लागतो, तो बसला नाही की उरलेला साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून आणायला वेळ लागतो. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) ठीक दिसतात पण मधेच झटके बसतात, वळलं की अडकतं, नवीन एरियात शिरलं की अडकतं. व्हॅलोरंट, सीएस टू, जीटीए फाइव्ह असलेच गेम खेळणार असाल तर ३०५० सुद्धा आरामात पुरेल, त्याबद्दल वाद नाही. पण २०२४ पासूनच्या मोठ्या गेम्सचं गणित वेगळं आहे. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम द डार्क एजेस या दोन गेम्सना तर हार्डवेअर रे ट्रेसिंग (उजेड-सावलीचा खऱ्यासारखा हिशोब) असलेलं कार्ड सक्तीचं आहे, आणि किमान म्हणून सांगितलंय ते आरटीएक्स २०६० सुपर, म्हणजे ८ जीबीचं डेस्कटॉप कार्ड. म्हणजे कागदावर बघितलं तर ६ जीबीही कमीच पडतात. सेटिंग खाली आणून ६ मध्ये बरंच काही निभावून नेता येतं, ४ मध्ये मात्र मारामारी आहे. आणि जीटीएक्स १६५० वाला कोणी "एकदम नवीन पीस, डिस्काउंटमध्ये" म्हणून गळ्यात मारायला आला तर हात जोडा, त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअरच नाही आणि डीएलएसएसही (चित्र लहान काढून मोठं करून दाखवायची, एफपीएस वाढवणारी युक्ती) चालत नाही.

या नावांमध्येही भरपूर घोळ आहे. आरटीएक्स २०५० ऐकून वाटतं २० सिरीजचं असेल, पण ते जाहीर झालं डिसेंबर २०२१ मध्ये आणि आत चिप आहे ३० सिरीजची, फक्त मेमरी बस (मेमरीकडे जायचा रस्ता) अरुंद, ६४ बिटची करून टाकली. ३०५० लॅपटॉपमध्ये ४ जीबीचं आणि ६ जीबीचं असे दोन प्रकार येतात आणि जाहिरातीत नुसतं "३०५०" लिहिलेलं असतं. डेस्कटॉपच्या ३०६० ला १२ जीबी मिळतात आणि लॅपटॉपच्या ३०६० ला ६. डेस्कटॉपचं ४०७० १२ जीबीचं, लॅपटॉपचं ८ चं, आणि त्यात कोअरही (हिशोब करणारे भाग) कमी. त्यामुळे यूट्यूबवर कोणी "४०७० वर हा गेम" दाखवत असेल तर तो टेबलावरच्या डब्याबद्दल बोलतोय की लॅपटॉपबद्दल ते आधी बघा.

आता वॅट. लॅपटॉपच्या जीपीयूला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, त्याला टीजीपी म्हणतात. ही कार्डं ज्या कंपनीची त्या एनव्हिडियाने ४०५० साठी जी रेंज दिलीय ती ३५ ते ११५ वॅट. म्हणजे एका लॅपटॉपमध्ये तेच कार्ड ४५ वॅटवर कुंथतंय आणि दुसऱ्यात ९५ वर पळतंय, आणि दोन्ही खोक्यांवर नाव एकच, आरटीएक्स ४०५०. सारखेच दोन बैल, एकाला पोटभर चारा आणि दुसऱ्याला मूठभर, मग नांगर सारखा ओढतील का? पूर्वी कमी वॅटच्या मॉडेलवर मॅक्स-क्यू असं लिहिलेलं असायचं, त्यावरून निदान अंदाज यायचा, ३० सिरीजपासून तेही गेलं. आता कंपन्या आपल्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनच्या पानावर कुठेतरी खाली बारीक अक्षरात वॅट लिहितात, ते शोधायचं. तिथे नसेल तर नोटबुकचेकसारख्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलचा रिव्ह्यू शोधा, ते लोक मोजून लिहितात. आणि लॅपटॉप हातात आलाच असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टम इन्फॉर्मेशन उघडा, तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर दिसते.

पण वॅट जास्त तितकं चांगलं हेही एका मर्यादेपर्यंतच खरं. ४० सिरीजमध्ये १०० वॅटच्या आसपास गेल्यावर पुढच्या वॅटचा फायदा फारच कमी होतो, त्यामुळे ११५ आणि १४० मध्ये जीव टाकू नका. ४५ आणि ८० मधला फरक मात्र खेळताना सरळ जाणवतो. माझा अंगठ्याचा नियम असा की ४०५० असेल तर ७५ च्या खाली घ्यायचं नाही, अपवाद फक्त ज्याला हलका पातळ लॅपटॉपच हवाय त्याचा, त्याने तो सौदा समजून उमजून करावा.

प्रोसेसरबद्दल लोक उगाच रात्रीची झोप घालवतात. आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर बघा. एच, एचएस किंवा एचएक्स असेल तर गेमिंगला ठीक, यू असेल तर तो बॅटरी वाचवायला बनवलाय. आय सेव्हन १२५५यू मध्ये मोठे (वेगवान) कोअर फक्त २ आहेत आणि बेस पॉवर १५ वॅट, उलट आय फाइव्ह १२४५०एच मध्ये मोठे कोअर ४ आणि ४५ वॅट, आता तासभर गेम चालवला तर कोण टिकेल ते तुम्हीच सांगा. तुमच्या ऑप्शनमधला आय सेव्हन नक्की कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीये, ते एकदा बघाच. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडे अजून गंमत आहे, ७००० सिरीजच्या रायझनमध्ये तिसरा आकडा आर्किटेक्चर (आतली रचना) सांगतो, ७७३५एचएस मधला ३ म्हणजे जुनं झेन थ्री प्लस, ७८४०एचएस मधला ४ म्हणजे झेन फोर. जुनं म्हणजे वाईट नाही हं, ४०५० सोबत ७५३५एचएस किंवा ७७३५एचएस मजेत चालतो, फक्त नवीन समजून जास्त पैसे देऊ नका.

रॅमचं आधी म्हणालो तसं, ८ जीबी आज कमीच आहेत, विंडोज आणि ब्राउझरच निम्मे खातात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकच स्टिक असेल तर सिंगल चॅनलवर (डेटाच्या एकाच वाटेवर) चालतं आणि काही गेममध्ये, खासकरून जिथे प्रोसेसरवर लोड जास्त तिथे, एफपीएस सरळ पडतात. म्हणून ८ ची दुसरी स्टिक टाकली की दोन कामं होतात, जागाही वाढते आणि ड्युअल चॅनलही होतो. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: स्लॉट दोन आहेत का, रॅम सोल्डर केलेली तर नाही ना, डीडीआर४ आहे की डीडीआर५ (एकमेकांत बसत नाहीत). आणि सुट्या स्टिकचा भाव आजच बघून ठेवा, रॅमचे भाव कधी कधी असे चढतात की १६ जीबीवालाच घेतला असता तर बरं झालं असतं असं वाटतं. एसएसडी ५१२ जीबी असेल तर दुसरा एम.२ स्लॉट आहे का बघा, बाल्डर्स गेट थ्री एकटाच १५० जीबी मागतो.

स्क्रीनवर कंपन्या हमखास पैसे वाचवतात आणि आपण हमखास बघत नाही. १४४ हर्ट्झ लिहिलेलं असतं मोठ्या अक्षरात, आणि शेजारी बारीक "४५ टक्के एनटीएससी". याचा अर्थ एसआरजीबीच्या (स्क्रीनच्या रंगांचं नेहमीचं माप) साधारण ६२-६३ टक्केच रंग दिसतात, सगळं फिकट, धुतल्यासारखं. नुसतं गेमिंग असेल तर डोळ्याला सवय होते, पण तुम्ही एडिटिंगही म्हणताय, तिथे तुम्हाला जो लाल दिसेल तो दुसऱ्याच्या मोबाईलवर वेगळाच दिसेल. १०० टक्के एसआरजीबी आणि ३०० निट्स (स्क्रीनचा उजेड) मिळत असतील तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला माझी ना नाही, आय सेव्हनसाठी मात्र आहे. घरी बाहेरचा मॉनिटर असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

मक्स स्विच असला तर उत्तम, नसला तर रडू नका. त्याने चित्र प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला वळसा न घालता थेट स्क्रीनवर जातं आणि थोडे एफपीएस जास्त मिळतात, बस.

बॅटरीवर गेमिंग हा विषयच डोक्यातून काढा. चार्जर काढला की जीपीयूची पॉवर एकदम खाली येते, हे सगळ्याच गेमिंग लॅपटॉपचं आहे, तुमचा पीस खराब नाही. म्हणजे कॉलेजला नेताना तो वीटेएवढा चार्जरही दप्तरात आला. टाइप-सी चार्जिंग असेल तर वर्गात नोट्स काढायला छोटा चार्जर पुरतो, गेमिंगला नाही पुरत. इथे एक प्रश्न मी तुम्हालाच विचारतो, रोज नेणार आहात का खरंच? रूमवरच खेळायचं असेल आणि एक साधा जुना लॅपटॉप हाताशी असेल तर तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, शिवाय पुढे कार्ड बदलता येतं. नेणार असाल तर हा मुद्दा संपला.

लॅपटॉप आला की पहिल्याच आठवड्यात, म्हणजे रिटर्नची मुदत आहे तोवर, तुमचा सगळ्यात जड गेम सलग अर्धा-पाऊण तास चालवा. चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकून स्क्रीनवर जीपीयूचं तापमान, वॅट आणि क्लॉक (वेग) दिसेल असं ठेवा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे आणि शेवटच्या पाच मिनिटांचे आकडे बघा, वॅट आणि क्लॉक खूप घसरले असतील तर कूलिंग कमी पडतंय. इंटेलचा प्रोसेसर ९० च्या वर गेला म्हणून घाबरू नका, ते १०० डिग्रीला स्वतःच वेग कमी करतात, मधेच ९५ ला टेकणं या किमतीत नॉर्मल आहे, सतत १०० ला चिकटून बसणं नाही. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवली तरी फरक पडतो, त्यासाठी महागडा कूलिंग पॅड लागत नाही. आणि गादीवर ठेवून खेळू नका प्लीज, माझ्याकडे मित्रमंडळी "स्लो झालाय" म्हणून लॅपटॉप आणून देतात, उघडला की पंख्यात गादीचा कापूसच निघतो.

सेकंडहँडचंही तुम्ही विचारलंय. ३०६० वाला चांगल्या स्थितीत मिळाला तर वाईट नाही, त्यालाही ६ जीबीच आहेत, पण ४० सिरीजचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच तयार करून भरणं) त्यावर मिळणार नाही. (फ्रेम जनरेशनचा फार गवगवा आहे, पण मुळात ५०-६० एफपीएस येत असतील तरच ते छान वाटतं, २५ चे ५० करून खेळलात तर दिसतं गुळगुळीत आणि हाताला लागतं जड.) बघायला जाल तेव्हा विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडी किती तास चाललीय तेही कळतं, "फक्त सहा महिने वापरलाय" म्हणणाऱ्याचं खरंखोटं तिथे होतं. बिजागरी उघडझाप करून बघा, करकर आवाज आला तर सोडा.

आणि शेवटचा प्रश्न, थांबू का? ५०५० वाले लॅपटॉप २०२५ मध्ये आलेत, त्यात ८ जीबी जीडीडीआर७ (व्हीरॅमचा नवा प्रकार) आहे, आणि माझ्या मते या बजेटला ४०५० पेक्षा तेच जास्त जवळचं आहे, फक्त त्या वाढीव २ जीबीसाठी. तुमच्या ४०५० वाल्याच्या किमतीत किंवा थोडंसं वर ५०५० मिळत असेल तर तोच घ्या, वॅट बघूनच अर्थात. फरक फार मोठा असेल तर ४०५० घ्या आणि वाचलेल्या पैशात रॅम टाका. दोन्ही मॉडेलचे पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, इथे खाली टाका, मी वॅट आणि स्क्रीन बघून सांगतो.