आधी कोणती चित्रत्रयी पाहावी?

प्रश्न : ‘स्टार वॉर्स’ची मूळ चित्रत्रयी (१९७७ ते १९८३) आणि नंतर आलेली पूर्वकथा (१९९९ ते २००५) यांपैकी मुलीला आधी कोणती दाखवावी?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी मूळ चित्रत्रयीच दाखवा. १९८० च्या चित्रपटात, हात तुटलेल्या नायक ल्यूकला खलनायक डार्थ व्हेडर आपणच त्याचा पिता असल्याचे सांगतो. पूर्वकथा आधी पाहिली, तर त्या क्षणातला धक्काच हरवतो. शिवाय मूळ चित्रत्रयीतली अंतराळयाने हाताने घडवलेल्या प्रतिकृती होत्या, म्हणून त्यांवरचे ओरखडे आणि काजळी आजही खरी वाटते. पूर्वकथेत संगणकीय दृश्यांचा भार फार आहे आणि संवाद अवघडलेले आहेत, हे मान्यच. तरीही लोकनियुक्त सभागृह टाळ्यांच्या कडकडाटात सारी सत्ता एकाच माणसाच्या हाती सोपवते, हा २००५ च्या चित्रपटातला प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तो मात्र मुलीशेजारी बसून पाहा.